घोस्टवरचं त्रैमासिक: लॉगिनच्या मेल पोचत नाहीत, बातमीपत्र अजून सुरू नाही. मांडणी कशी करावी?

कृष्णाकाठ | १२ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं मिळून सांगलीहून एक त्रैमासिक चालवतो. कथा, कविता, पुस्तकपरीक्षणं. चार वर्षं छापील अंक काढला. कागदाचा आणि टपालाचा खर्च झेपेना, म्हणून गेल्या वर्षी संकेतस्थळावर आलो. भाड्याच्या सर्व्हरवर घोस्ट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मी स्वतःच बसवलं. लेख चढवणं, वर्गवारी, वाचकांची नोंदणी सगळं नीट चाललंय. गाडी अडलीय ती मेलवर.

घोस्टमध्ये वाचकाला पासवर्ड नसतो. तो आपला पत्ता टाकतो, त्याला मेलने दुवा जातो, दुव्यावर टिचकी मारली की तो आत येतो. म्हणजे मेल गेली नाही तर दारच बंद. सुरुवातीला मी मेलचं काहीच सेटिंग केलं नव्हतं, तेव्हा निदान काहींना स्पॅममध्ये ती सापडायची. मग मेलगन या मेल पाठवणाऱ्या सेवेचं खातं काढलं, कॉन्फिग फाइलमध्ये एसएमटीपीचा (मेल पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीचा) तपशील भरला, पोर्ट (सर्व्हरवरची जायची-यायची वाट) ५८७ टाकला. आता कोणालाच जात नाही. लॉगमध्ये फक्त 'कनेक्शन टाइमआउट'.

परवा तर कमाल झाली. आमच्या संपादकांनी नवा लॅपटॉप घेतला. घोस्टच्या नव्या आवृत्त्यांत संपादक नव्या यंत्रावरून आत शिरायला लागला की त्याला मेलने सहा आकडी कोड जातो. वय ७१, दिवाळी अंकाचं संपादकीय लिहायला बसलेले. तासभर इनबॉक्स उघडून ते कोडची वाट बघत राहिले. मला फोन करून म्हणाले, "घर माझं, आणि किल्ली टपालात." मला फार वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट बातमीपत्राची. महिन्यातून दोनदा वाचकांना पत्र पाठवायचं आहे. साधारण १,८०० पत्ते आहेत. त्यातले ११०० संकेतस्थळावर नोंदलेले आणि ७०० पुस्तक प्रदर्शनांतल्या आमच्या वहीतले.

दोन्ही मेल एकाच सेवेतून जाऊ द्याव्यात का? खर्च किती येईल? वहीतले पत्ते चढवले तर चालतील का? सविस्तर सांगितलंत तर उपकार होतील. दिवाळीआधी हे उभं करायचंच आहे.

---

ओसरी | १२ सप्टेंबर, रात्री ११:०५

टाइमआउट म्हणजे तुमचा पासवर्ड चुकलेला नाही. पासवर्ड चुकला असता तर समोरून नकार आला असता. इथे समोरच्यापर्यंत हाकच जात नाहीये. बऱ्याच क्लाउड कंपन्या स्पॅमला आळा बसावा म्हणून सर्व्हरवरून बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद ठेवतात, काही ४६५ आणि ५८७सुद्धा. सर्व्हरवर नेटकॅट या जोडणी तपासायच्या साधनाने आधी ५८७ तपासा, मग २५२५. मेलगन २५२५वरही ऐकतं. तो उघडा असेल तर फाइलमध्ये आकडा बदला, घोस्ट रीस्टार्ट करा, आणि बघा.

त्याच ओळीखाली 'सिक्युअर' असा पर्याय आहे. ५८७ किंवा २५२५ असेल तर तो फॉल्स हवा, ४६५ असेल तर ट्रू. फॉल्स म्हटलं की लोक घाबरतात, पण त्याचा अर्थ मेल उघडी जाते असा नाही. जोडणी साधी सुरू होते आणि मग स्टार्टटीएलएसने कुलूपबंद होते, एवढंच. ५८७वर ट्रू ठेवलंत तर 'राँग व्हर्जन नंबर' अशी त्रुटी येते आणि माणूस प्रमाणपत्रांच्या मागे दोन दिवस घालवतो.

सेटिंग नव्हतं तेव्हा काही मेल स्पॅममध्ये तरी का सापडत होत्या, तेही सांगतो. काहीच भरलं नाही तर घोस्ट स्वतःच तुमच्या सर्व्हरवरून थेट वाचकाच्या मेलसर्व्हरकडे जायला बघतं. अनोळखी आयपी, सही नाही, ओळख नाही. जीमेलने ती स्पॅममध्ये टाकली हेच नवल, बहुतेक ठिकाणी दारातूनच परत जाते. आणि तेव्हा जात होती म्हणजे तुमचा २५ तरी त्या वेळी उघडा होता. कंपनीने नंतर काही बदललं का, विचारून घ्या.

संपादकांची सोय आजच करा. कॉन्फिग फाइलमध्ये 'सिक्युरिटी' विभागात 'स्टाफ डिव्हाइस व्हेरिफिकेशन' फॉल्स केलं की कोड मागणं थांबतं. मेल सुरळीत झाली की मात्र ते परत चालू करा. एका संपादकाचा पासवर्ड फुटला तर सगळं संकेतस्थळ उघडं पडतं, ती कडी उगाच लावलेली नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. घोस्टमध्ये मेलचे दोन रस्ते मुळातच वेगळे आहेत आणि लोकांची फसगत तिथेच होते.

लॉगिनचे दुवे, कोड, संपादकांची आमंत्रणं या झाल्या सिस्टिम मेल. त्या एसएमटीपीने जातात, त्यांचा तपशील कॉन्फिग फाइलमध्ये असतो आणि त्यांना कुठलीही सेवा चालते. बातमीपत्र मात्र फक्त मेलगनच्या एपीआयमधून (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी थेट बोलायच्या वाटेतून) जातं. त्याची किल्ली अ‍ॅडमिनच्या सेटिंगमध्ये भरायची असते, फाइलमधला एसएमटीपी तिथे कामाला येत नाही. मेलगनला एका विनंतीत १००० वाचकांची यादी आणि प्रत्येकाचं नाव-गाव देता येतं, आणि कोणाची पोचली, कोणाची परतली हे त्याच्याकडून परत वाचता येतं. घोस्टचं बातमीपत्र त्याच दोन गोष्टींवर उभं आहे. एपीआय वेबच्याच वाटेने, म्हणजे ४४३वरून जाते. त्यामुळे तुमचे मेलचे पोर्ट बंद असले तरी बातमीपत्र जाऊ शकतं आणि लॉगिनची मेल अडू शकते. म्हणूनच एकाची चाचणी झाली म्हणजे दुसऱ्याचं झालं असं धरू नका.

माझं मत ठाम आहे: दोन्ही वेगवेगळ्या सेवांतून पाठवा. बातमीपत्राच्या यादीत मेलेले पत्ते निघाले, तक्रारी आल्या, तर सेवा तुमचं खातं गोठवते. लॉगिनही त्याच खात्यातून जात असेल तर त्या दिवसापासून एकही वाचक आत येऊ शकत नाही. पैसे भरलेला वाचकसुद्धा बाहेर उभा राहतो.

---

तळटीप | १३ सप्टेंबर, सकाळी ८:१५

ओसरींच्या शेवटच्या मुद्द्याला माझी साक्ष जोडतो, कारण त्याची किंमत मी मोजलेली आहे.

आमचं कोल्हापुरात छोटं प्रकाशन आहे. संकेतस्थळ वर्डप्रेसवर, पुस्तकविक्री तिथूनच. दोन वर्षांपूर्वी गुढीपाडव्याला नव्या पुस्तकाची घोषणा ३,००० जणांना पाठवली, साध्या सामायिक होस्टिंगवरून, एका प्लगइनने. होस्टिंगवाल्यांची ताशी मर्यादा होती, ती मला ठाऊकच नव्हती. ३,००० पत्रं रांगेत उभी राहिली. घोषणा बघून ज्यांनी लगेच पुस्तक मागवलं, त्यांच्या पावत्या त्याच रांगेच्या शेपटाला जाऊन लागल्या. पैसे कापले गेले आणि पावती नाही. दुपारपर्यंत दुकानातला फोन खाली ठेवता येत नव्हता. एक निवृत्त शिक्षिका गडहिंग्लजहून बसने आल्या, हातात बँकेच्या संदेशाची छापील प्रत घेऊन. त्यांना मी पुस्तक दिलं, चहा दिला, माफी मागितली. पण तो दिवस विसरता येत नाही.

आता पावत्या आणि पासवर्डच्या मेल एका एसएमटीपी सेवेतून जातात, बातमीपत्र पूर्ण वेगळ्या ठिकाणाहून. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही.

वर्डप्रेसवाल्यांसाठी आणखी एक. संपर्काच्या फॉर्ममध्ये 'प्रेषक' म्हणून वाचकाचाच पत्ता घालायची पद्धत मोडून टाका. वाचकाचा पत्ता याहूचा असेल तर याहूने एप्रिल २०१४ पासूनच सांगून ठेवलंय की आमच्या नावाने बाहेरून आलेली मेल नाकारा. प्रेषक तुमच्याच डोमेनचा ठेवा आणि वाचकाचा पत्ता 'रिप्लाय टू'मध्ये घाला. उत्तर त्यालाच जातं.

---

मांडवी | १३ सप्टेंबर, दुपारी १:३०

पणजीहून लिहितेय. आमच्या वाचनकट्ट्याचं पत्र मी लिस्टमंकवरून पाठवते. बेंगळुरूच्या कैलाश नाध यांनी लिहिलेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, २०१९ पासून उपलब्ध. एक छोटी फाइल आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस, एवढ्यावर चालतं. ते कुठल्याही एसएमटीपीतून पाठवतं, त्यामुळे मेलगनचं बंधन नाही. मी त्यामागे अ‍ॅमेझॉनची एसईएस ही मेल पाठवायची सेवा लावलीय, मुंबई विभागातली.

खर्चाचं विचारलंत म्हणून: एसईएसचा दर १००० मेलना १० सेंट. तुमच्या १,८०० वाचकांना महिन्यात दोनदा म्हणजे ३,६०० मेल, म्हणजे ३६ सेंट. चहा-भज्यांच्या पैशांत होतं. मेलगनच्या मोफत योजनेत दिवसाला १०० मेल मिळतात, तुमच्या यादीला ती पुरणार नाही, सशुल्क योजना घ्यावी लागेल.

पण एसईएसमध्ये खातं काढल्या काढल्या तुम्ही सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीच्या कुंपणात असता. २४ तासांत २०० मेल, सेकंदाला एक, आणि तीही फक्त आधी पडताळलेल्या पत्त्यांना. बाहेर यायला अर्ज करावा लागतो: कोणाला पाठवणार, पत्ते कुठून आले, परतलेल्या मेलचं काय करणार. माझा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण मी एका ओळीत 'बातमीपत्रासाठी' एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्यांदा नोंदणीच्या पानाचा दुवा दिला, नोंदणीनंतर खात्रीची मेल कशी जाते ते लिहिलं, नको असल्यास बाहेर पडायची सोय दाखवली. मंजूर झाला.

घोस्ट सोडून लिस्टमंकवर जा असं मात्र मी सांगणार नाही. घोस्टमध्ये लेख लिहिला की तोच बातमीपत्र म्हणून जातो, ही सोय मोठी आहे. लिस्टमंक घेतलंत तर वाचकांची यादी दर वेळी इकडून तिकडे न्यावी लागेल, आणि ज्याने एकीकडे नाव काढलं तो दुसरीकडे राहून जाईल. चौघांच्या संस्थेत हे काम कोण करणार?

---

ओसरी | १३ सप्टेंबर, रात्री १०:२०

मांडवी, अगदी बरोबर. तेव्हा कृष्णाकाठ, माझा सल्ला असा: लॉगिनच्या मेल एसईएसमधून, बातमीपत्र मेलगनमधून. एसईएस २५८७ आणि २४६५ या पोर्टांवरही ऐकतं, त्यामुळे तुमची ५८७ची अडचण तिथेही सुटेल. एसईएसचं एसएमटीपी नाव-पासवर्ड वेगळं तयार करावं लागतं, अ‍ॅमेझॉनच्या खात्याच्या इतर किल्ल्या तिथे चालत नाहीत. मेलगनचंही तसंच, एसएमटीपीचा पासवर्ड वेगळा आणि एपीआयची किल्ली वेगळी. आणि मेलगनमध्ये खातं काढताच जे सँडबॉक्स डोमेन मिळतं, त्यावरून आधी संमती दिलेल्या ५ पत्त्यांनाच मेल जाते. स्वतःचं उपडोमेन जोडा. जोडताना अमेरिका की युरोप हे विचारतात, तोच विभाग घोस्टमध्येही निवडा. नाहीतर किल्ली बरोबर असून डोमेन सापडत नाही.

आता डीएनएस, म्हणजे तुमच्या डोमेनची जाहीर नोंदवही. एक उपडोमेन लॉगिनसाठी, एक बातमीपत्रासाठी. प्रत्येकावर त्या त्या सेवेने दिलेले एसपीएफ आणि डीकिम. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने कोण पाठवू शकतं त्याची यादी, डीकिम म्हणजे प्रत्येक पत्रावरची सही, डीमार्क म्हणजे या दोन्हींत गफलत झाली तर समोरच्याने काय करावं याची सूचना. तीन ठिकाणी लोकांचा हमखास घोळ होतो.

एकाच नावावर दोन एसपीएफ नोंदी. नवी सेवा घेतली की लोक जुनी तशीच ठेवून दुसरी टाकतात. नियम एकच नोंद असा आहे. दोन झाल्या की दोन्ही रद्द धरल्या जातात. शिवाय एका नोंदीतून जास्तीत जास्त १० वेळा पुढे चौकशी करता येते, त्यामुळे सगळ्या सेवा मुख्य डोमेनवर कोंबू नका. उपडोमेन वेगळी केली की हा प्रश्नच राहत नाही.

काही डीएनएस पॅनेल तुम्ही भरलेल्या नावापुढे डोमेन स्वतःच जोडतात. सेवेने दिलेलं पूर्ण नाव तसंच चिकटवलं तर डोमेन दोनदा लागतं. पॅनेलमध्ये सगळं बरोबर दिसतं आणि पडताळणी आठवडाभर होत नाही.

तिसरं, डीकिमची २०४८ बिटांची किल्ली. टीएक्सटी नोंदीत (डीएनएसमधल्या मजकुराच्या नोंदीत) एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात, किल्ली त्याहून लांब असते. पॅनेल स्वतः तुकडे करत नसेल तर अवतरणांत दोन तुकडे करून भरावी लागते.

डीमार्क सुरुवातीला 'नन' धोरणावर ठेवा, म्हणजे अडवणूक नाही, फक्त अहवाल. प्रेषक मुख्य डोमेनचा आणि सही उपडोमेनची असली तरी सैल जुळणीत (मुख्य डोमेन एकच असलं की पुरे) ते चालतं. म्हणून वाचकाला संपादकांचा ओळखीचा पत्ताच दिसू द्या. 'नो रिप्लाय' ठेवू नका, मराठी वाचक पत्राला उत्तर लिहितो.

---

हडसनपार | १४ सप्टेंबर, पहाटे ५:५०

इथल्या महाराष्ट्र मंडळाचं पत्र मी आठ वर्षं पाठवतोय, त्यातलं एक-दोन सांगतो.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले. दिवसाला ५,००० हून जास्त मेल जीमेलकडे पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही सक्तीचे, आणि एका टिचकीत यादीतून बाहेर पडायची सोयही. मे २०२५ पासून आउटलुकनेही मोठ्या पाठवणाऱ्यांना तिन्ही लावले. तुमची यादी लहान आहे, पण स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं, हे लहान-मोठ्या सगळ्यांना लागू आहे. जीमेलचे १००० वाचक असतील तर ३ जणांनी 'स्पॅम' दाबलं की तुम्ही त्या रेषेवर. गूगल तर ०.१च्या खालीच राहा म्हणतं, म्हणजे एक माणूस.

म्हणून बाहेर पडायचा दुवा लपवू नका. ज्याला पत्र नको आहे त्याला दार सापडलं नाही तर तो स्पॅमचं बटण दाबतो.

एका टिचकीच्या सोयीमागचं कारण आम्हाला अनुभवातून कळलं. आमच्या जुन्या व्यवस्थेत पत्रातला दुवा नुसता उघडला की नाव निघायचं. अनेक सभासदांनी ऑफिसचे पत्ते दिलेले. ऑफिसची सुरक्षा प्रणाली मेलमधला प्रत्येक दुवा आधी स्वतः उघडून बघते. तिने तोही उघडला. गणेशोत्सवाच्या पत्रानंतर नेहमीचे कार्यकर्तेच यादीतून गायब झाले. आरएफसी ८०५८ हा इंटरनेटच्या मानकांतला २०१७चा नियम यावरच आहे: नुसता दुवा उघडून काही होत नाही, मेलचं ॲप वेगळी 'पोस्ट' विनंती करतं तेव्हाच नाव निघतं. सेवा निवडताना ही सोय आहे का, बघून घ्या.

---

शाईचा डाग | १४ सप्टेंबर, सकाळी ११:१०

देवनागरीचं कोणी बोललं नाही, म्हणून मी लिहितो. मी तीन मासिकांची अक्षरजुळणी आणि आता त्यांची बातमीपत्रं बघतो.

जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढची मेल कापतं आणि खाली 'पूर्ण संदेश पाहा' असं दाखवतं. रोमन अक्षर यूटीएफ-८मध्ये एका बाइटचं, आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'क्षि' एक अक्षर दिसतं, पण त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. ४,००० शब्दांची कथा सरासरी सहा चिन्हांचा शब्द धरून ७६ केबी नुसत्या मजकुराची होते, वर साच्याचं एचटीएमएल. कथेचा शेवटच कापला जातो. आणि सगळ्यात खाली असतो तो यादीतून बाहेर पडायचा दुवा, तोही जातो. हडसनपारांनी सांगितलेली तक्रार तिथून सुरू होते.

म्हणून पत्रात पूर्ण कथा देऊ नका. पहिले दोन-तीन परिच्छेद द्या आणि पुढे दुवा. पण ते परिच्छेद निवडून द्या, यंत्राने मोजून तोडलेले नकोत. एका अंकात आमचा उतारा 'तिने दार उघडलं आणि' इथे तुटला होता. लेखिकेला ते लागलं, आणि रास्त होतं.

विषयाच्या ओळीबद्दल: देवनागरी विषय मेलमध्ये सांकेतिक तुकड्यांत बांधून जातो, एक तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा. आकडेमोड केली तर त्यात आपली १५ चिन्हं मावतात. चांगल्या सेवा तुकडे बरोबर पाडतात. कोणाच्या घरगुती पीएचपी प्रोग्रामने चिन्हाच्या मधोमध तोडलं तर विषयात प्रश्नचिन्हाचे चौकोन दिसतात. घोस्ट किंवा लिस्टमंकमध्ये ही काळजी नको.

फॉन्टची मात्र घ्या. श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात जुळवलेल्या अंकातून मजकूर उचलून चिकटवला तर मेलमध्ये अगम्य अक्षरं येतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग मुद्रितशोधन. रूपांतरात रफार आणि 'ऱ्य' हमखास हलतात. आणि तुम्ही संकेतस्थळावर कितीही सुंदर फॉन्ट लावा, जीमेलमध्ये वाचकाच्या फोनमधलाच दिसणार. त्यामुळे आकार मोठा ठेवा, ओळींत अंतर ठेवा. मात्रा आणि उकार एकमेकांत अडकले की वयस्क वाचक वाचणं सोडतात.

---

कृष्णाकाठ | १४ सप्टेंबर, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. ओसरी, संपादक काल रात्रीच आत गेले, संपादकीयाची तीन पानं झालीसुद्धा. नेटकॅटवर ५८७ गप्प, २५२५ आणि २५८७ उघडे. कंपनीला विचारलं, त्यांनी मध्यंतरी मेलचे पोर्ट बंद केले आहेत. आणि हो, आमच्या मुख्य डोमेनवर खरंच दोन एसपीएफ होते.

वहीतल्या ७०० पत्त्यांचं काय करू? माझा जीव त्यात अडकलाय. दर प्रदर्शनात मी स्वतः टेबलामागे बसून ते लिहून घेतलेत. लोक अंक चाळायचे, दोन शब्द बोलायचे, मग पेन मागायचे.

---

तळटीप | १४ सप्टेंबर, रात्री ९:३५

माझ्या मते चढवा. लोकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेत, विकत घेतलेली यादी नाही. पहिल्याच पत्रात वर मोठ्या अक्षरात लिहा की नको असेल तर इथे टिचकी मारा.

---

ओसरी | १४ सप्टेंबर, रात्री १०:१०

तळटीप, इथे मी सहमत नाही. वहीच्या वरच्या रकान्यात काय लिहिलं होतं त्यावर सगळं आहे. 'अभिप्राय' असं असेल तर त्यांनी अभिप्रायासाठी पत्ता दिला, पत्रासाठी नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती विशिष्ट कारणासाठी हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं असं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हाताने लिहिलेल्या पत्त्यांत चुका असतात, आणि डिसेंबर २०२३ पासून गूगलने दोन वर्षं न वापरलेली खाती काढायला सुरुवात केली आहे. जुन्या वहीतले कित्येक पत्ते आज अस्तित्वातच नसतील. पहिल्याच फटक्यात शंभरेक मेल परतल्या तर मेलगन खातं थांबवेल.

---

मांडवी | १५ सप्टेंबर, सकाळी ७:४५

कृष्णाकाठ, तुम्ही त्यांना ओळखता, तर यंत्राकडून कशाला विचारता? ज्या वर्षीच्या वहीत 'पुढचा अंक आला की कळवा' असं असेल तेवढेच घ्या. रोज वीस-पंचवीस जणांना तुमच्या नेहमीच्या मेलवरून स्वतः लिहा: अमुक प्रदर्शनात आपण भेटलो होतो, आता अंक संकेतस्थळावर आहे, पत्र हवं असेल तर या पानावर नोंदवा. जो नोंदवेल तो खरा वाचक. बाकीच्यांना परत लिहू नका.

---

कृष्णाकाठ | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

महिनाभराने लिहितेय. काय केलं ते क्रमाने सांगते, पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल.

लॉगिन एसईएस मुंबईवर, २५८७मधून. मांडवींनी सांगितल्याप्रमाणे अर्ज तपशीलवार लिहिला, पहिल्यांदाच मंजूर झाला. तोपर्यंत आठवडाभर मेलगनचा २५२५ वापरला. बातमीपत्राचं उपडोमेन मेलगनवर. पडताळणी तीन दिवस होईना, आणि कारण तेच, पॅनेलने डोमेन दोनदा जोडलेलं. ओसरींची ओळ वाचलेली असूनही ते डोळ्यांना दिसत नव्हतं, नोंद बाहेरून विचारून पाहिली तेव्हा लक्षात आलं. मग जीमेलमध्ये 'मूळ दाखवा' उघडलं: एसपीएफ पास, डीकिम पास, डीमार्क पास. त्याचा फोटो काढून मी चौघांना पाठवला.

वहीत तीनच वर्षं 'पुढील अंकाची सूचना हवी' असा रकाना होता. तेवढे २६० पत्ते घेतले, रोज वीस लिहिले. ४१ परतले, ९८ जणांनी नोंदणी केली, आणि तीसएक जणांनी पत्रच लिहिलं. एकांनी लिहिलं की त्यांच्या आईने वहीत पत्ता दिला होता, आई आता नाही, पण अंक मला पाठवत राहा. उरलेल्या ४४० पत्त्यांची वही मी कपाटात ठेवली आहे.

पहिलं पत्र एकदम सगळ्यांना पाठवलं नाही. घोस्टमध्ये लेबल लावून आधी महिनाभरात येऊन गेलेल्या दोनशे वाचकांना, दोन दिवसांनी पुढच्या चारशेंना, मग बाकीच्यांना. कथेचे पहिले दोन परिच्छेद लेखिकेकडूनच निवडून घेतले. पत्र ३८ केबीचं झालं. किती जणांनी उघडलं हा आकडा आम्ही बघायचा नाही असं ठरवलं. ॲपलची मेल २०२१ पासून चित्रं आधीच उतरवून घेते, तो आकडा फुगलेला असतो. दुव्यावर किती जण आले आणि किती जणांनी उत्तर लिहिलं, ते मोजतो.

आता दोन प्रश्न उरलेत. डीमार्क 'नन'वरून कधी हलवू? आणि मिरजेचे एक जुने वर्गणीदार रेडिफमेल वापरतात, त्यांना लॉगिनचा दुवा येतो पण दाबला की 'मुदत संपली' म्हणतं.

---

ओसरी | ११ ऑक्टोबर, रात्री ९:१५

डीमार्कचे अहवाल आणखी महिनाभर वाचा. त्यात तुमच्या दोन सेवा आणि संपादकांचा मेलबॉक्स याखेरीज कोणी दिसत नसेल तर 'क्वारंटाइन' करा, म्हणजे न जुळणारी मेल समोरच्याने संशयित धरावी. दिवाळी अंक जाऊ दे, मगच हात लावा.

मिरजेच्या काकांना विचारा, ते मेल कधी उघडतात. घोस्टचा दुवा २४ तासच चालतो.

---

कृष्णाकाठ | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

विचारलं. रविवारी मुलगा येतो तेव्हाच ते आठवड्याची मेल एकत्र उघडतात. आज रविवार आहे. मी फोनवर राहिले, त्यांनी नवा दुवा मागवला, मुलाने लगेच दाबला, आत गेले. बातमीपत्रातला लेख त्यांना लॉगिनशिवायही वाचता यावा म्हणून अंकातला एक लेख दर वेळी सगळ्यांसाठी खुला ठेवायचं ठरवलंय.